लहान ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स तापतो तेव्हा

इंजिनातून निघालेली ताकद मागच्या चाकापर्यंत किंवा अवजार फिरवणाऱ्या पीटीओच्या शाफ्टपर्यंत पोचताना वाटेत थोडी गळते, आणि जेवढी गळते तेवढ्याची उष्णता होते. गिअरचे दात एकमेकांवर घसरतात, बेअरिंग फिरतात, डिफरन्शियलचा क्राऊन गिअर ऑइल घुसळतो, हायड्रोलिक पंप तेच ऑइल दाबाने ढकलतो. गिअरच्या प्रत्येक जोडीत साधारण १ ते २ टक्के ताकद जाते. सगळा हिशेब केला तर चांगल्या ट्रॅक्टरमध्येही दहा टक्क्यांच्या आसपास घट असते. २४ हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे १८ किलोवॅट. त्यातले दहा टक्के म्हणजे पावणेदोन किलोवॅट. बादलीत पाणी तापवायची विजेची कांडी हाऊसिंगमध्ये कायम चालू ठेवावी, तसा हा प्रकार. त्यामुळे पूर्ण लोडवर चाललेला निरोगी गिअरबॉक्सही गरम होणारच. किती होतो, कुठे होतो आणि काय चालू असताना होतो, या तीन प्रश्नांवरच निदान उभे राहते. या कामात वर्षे काढलेले मेकॅनिक गिऱ्हाइकाचे पहिले वाक्य ऐकताच पाना उचलत नाहीत, त्याचे कारण हेच.

१५ ते ३० हॉर्सपॉवरचे लहान ट्रॅक्टर महाराष्ट्रात मुख्यतः बागांसाठी घेतले जातात. निफाड, दिंडोरी, तासगाव, पंढरपूर भागांतल्या द्राक्षबागा, सांगोल्याचे डाळिंब, रावेर-यावलची केळी ही त्यांची कामाची ठिकाणे. द्राक्षाच्या दोन ओळींत आठ ते दहा फूट अंतर असते, त्यावर मांडव, आणि त्या बोळातून ट्रॅक्टर फवारणीचा ब्लोअर घेऊन कमी वेगाने, तास न् तास पीटीओ चालू ठेवून फिरतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की डाऊनी रोगाच्या भीतीने फवारणीला खंड पडत नाही. वारा नाही, वेग नाही, लोड मात्र सतत. गिअरबॉक्स तापण्याच्या तक्रारी याच दिवसांत येतात आणि याच दिवसांत बागाईतदाराला ट्रॅक्टर एक दिवसही गॅरेजात ठेवणे परवडत नाही. म्हणून निदानाची पद्धतही अशी लागते की जी बागेतच, चालत्या कामात उरकता येईल.

लहान ट्रॅक्टरची आणखी एक गोष्ट निदान अवघड करते. बऱ्याच मॉडेलांत गिअर, डिफरन्शियल, हायड्रोलिक लिफ्ट आणि ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक या चौघांना एकच ऑइल असते. सगळे मिळून वीस-पंचवीस लिटर, एकाच हाऊसिंगमध्ये फिरणारे. चौघांपैकी कोणी एकाने उष्णता तयार केली तरी ती ऑइलबरोबर सगळीकडे पसरते आणि चटका बसतो तो सीटखालच्या कव्हरला. मालक म्हणतो, गिअरबॉक्स तापला. गिअर बहुतेक वेळा बिनदोष निघतात.

पहिली पायरी म्हणजे तो खरोखर प्रमाणाबाहेर तापला आहे का, हे ठरवणे. हात हे मोजमाप फसवे आहे. पन्नास अंशांच्या लोखंडावर हात जेमतेम टेकवता येतो. साठ अंशांवर पाच सेकंदांत भाजते. म्हणजे हाताच्या लेखी साठ अंशही ‘आग’ आणि शंभर अंशही ‘आग’. यंत्राच्या लेखी या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. साठ ते ऐंशी अंश हे कामातल्या ऑइलचे रोजचे तापमान. नव्वदच्या पुढे काळजी सुरू होते. शंभरच्या वर सतत राहिले तर ऑइल पातळ पडून दातांवरचा थर टिकत नाही आणि नायट्राइल रबरची सीले कडक होऊन गळू लागतात. ऑइलचे तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे.

रावेरकडे मे महिन्यात, बाहेर बेचाळीस अंश असताना, नव्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स ‘पेटतोय’ म्हणून मालक हवालदिल झाल्याचे एक उदाहरण आहे. ‘भाऊ, हात लावून बघा, हात ठेववत नाही,’ हे त्याचे म्हणणे खरेच होते. दोन तासांच्या रोटाव्हेटरनंतर मोजले तेव्हा कव्हरवर ७२ अंश भरले. हवेपेक्षा तीस अंश जास्त. एवढ्या कामाला हे वाजवी आहे. त्या ट्रॅक्टरला काहीही केले नाही, आणि तेच योग्य होते. ‘काही झालेले नाही’ हे निदान सांगायला मात्र धीर लागतो, कारण त्याचे बिल होत नाही आणि गिऱ्हाइकाचाही त्यावर पटकन विश्वास बसत नाही. कुठलेही तापमान वाचताना त्या वेळच्या हवेचे तापमान शेजारी लिहिले, की निम्म्या तक्रारींचे स्वरूप बदलते. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्र सरकारच्या संस्थेत ट्रॅक्टरांच्या चाचण्या होतात. तिथल्या अहवालात इंजिन ऑइलबरोबर ट्रान्समिशनच्या ऑइलचे तापमानही नोंदलेले असते. आपल्या मॉडेलचा अहवाल मिळाला तर तुलनेला तो उत्तम.

मोजायला इन्फ्रारेड गन पुरते. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेली कपाळाचा ताप मोजणारी गन इथे चालत नाही. तिची मर्यादा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर संपते. कारखान्यात वापरतात ती, दोन-तीनशे अंशांपर्यंत मोजणारी गन लागते. तीही चकाकत्या धातूवर चुकते: घासून चमकणाऱ्या शाफ्टवर किंवा स्टीलच्या पाइपवर ती खरे तापमान असते त्याहून बरेच कमी दाखवते. रंगवलेल्या भागावर वाचन बरोबर येते. जिथे रंग नाही तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरायचा. अंतरही महत्त्वाचे, लांबून धरली तर गन शेजारचा भागही मोजते, म्हणून वीतभरावरून वाचावे.

मोजायच्या जागा ठरलेल्या असाव्यात आणि क्रम पुढून मागे. क्लच हाऊसिंग, गिअरबॉक्सची बाजू, डिफरन्शियलचा भाग, डावा ब्रेक, उजवा ब्रेक, दोन्ही बाजूंचे फायनल ड्राइव्ह, पीटीओचे बेअरिंग, हायड्रोलिक पंप, पंपाकडे जाणारा पाइप, रिलीफ व्हॉल्व्हची जागा, लिफ्टचे कव्हर. फोर व्हील असेल तर पुढचा एक्सलही. या दहा-बारा आकड्यांत बहुतेक वेळा उत्तर दडलेले असते. उष्णता जिथे तयार होते ती जागा आजूबाजूपेक्षा गरम असते. ऑइलने पसरवलेली उष्णता सगळीकडे सारखी असते. डाव्या-उजव्या बाजूंत पाच-सात अंशांचा फरक नेहमीचा. पंधरा-वीस अंशांचा फरक दिसला तर शोध त्याच बाजूने सुरू करावा. सगळा गिअरबॉक्स एकसारखा तापला असेल तर संशय हायड्रोलिकवर, ऑइलवर किंवा लोडवर जातो. फक्त पुढचा भाग तापला असेल तर क्लच पाहावा, आणि रेडिएटरही. इंजिनचा पंखा रेडिएटरमधून हवा ओढून मागे फेकतो. जाळी पाचोळ्याने भरली की इंजिनची गरम हवा थेट क्लच हाऊसिंगवर येते आणि दोष गिअरबॉक्सच्या माथी बसतो.

मोजणीच्या आधी किंवा बरोबरीने ड्रायव्हरशी बोलणे आवश्यक असते, आणि ते मालकासमोर नको. मालक सांगतो ते ऐकीव असते. ड्रायव्हर मालकासमोर बोलत नाही. तापणे कधीपासून सुरू झाले, त्याआधी ट्रॅक्टरला काय केले, ऑइल कोणी बदलले, कोणाची टिपर ट्रॉली जोडली होती, नवे अवजार कोणते घेतले, ड्रायव्हर बदलला का? या प्रश्नांची उत्तरे गनच्या आकड्यांइतकीच मोलाची. ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्यामध्ये काय घडले ते हाती आले, तर दोष बहुधा तिथेच असतो. तासगावकडच्या एका ट्रॅक्टरची तक्रार नेमकी नवा ड्रायव्हर आल्यापासून होती, पण हे ध्यानात आले ते दोन ठिकाणी ऑइल बदलून झाल्यावर. तो माणूस आधी मोठ्या ट्रॅक्टरवर काम केलेला. लहान ट्रॅक्टरवर बसताना त्याचा उजवा पाय आपसूक ब्रेक पेडलवर विसावत असे.

यानंतर ऑइल. लेव्हल सपाट जागेवर, लिफ्टचे हात खाली टाकून, ट्रॉलीचा जॅक पूर्ण आत घेऊन, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पाहायची. ऑइल कमी असले तर पंप हवा ओढतो, हे सगळ्यांना माहीत असते. जास्त असले तरी तापते, हे फार कमी जणांना पटते. क्राऊन जास्त खोल बुडाला की तो ऑइल घुसळत बसतो, फेस येतो, फेसाने उष्णता वाहून नेण्याची क्षमता घटते आणि ब्रीदरमधून ऑइल बाहेर येते. सांगोल्याकडे एका डाळिंबवाल्याने शेजाऱ्याची टिपर ट्रॉली वापरली. जॅकमध्ये ऑइल गेले, लेव्हल कमी दिसली, म्हणून वरून चार लिटर ओतले. ट्रॉली परत करताना तिच्या जॅकमधले ऑइल, तेही वेगळ्या जातीचे, ट्रॅक्टरमध्ये आले. आठवडाभरात तक्रार सुरू झाली. उपाय सोपा होता: सगळे ऑइल काढून योग्य जातीचे, योग्य लेव्हलला भरणे.

जातीचा प्रश्न लेव्हलपेक्षा नाजूक आहे. ब्रेक ऑइलमध्ये असतील आणि लिफ्टला तेच ऑइल असेल, तर यूटीटीओ प्रकारचे ऑइल लागते: गिअर, हायड्रोलिक आणि वेट ब्रेक या तिन्हींसाठी चालते असे डब्यावर लिहिलेले. ‘गिअरबॉक्स आहे ना, मग नव्वद नंबर टाका,’ हा सल्ला जुन्या, कोरड्या ब्रेकच्या ट्रॅक्टरांच्या काळातला आहे. नव्वद नंबरच्या जाड ऑइलमधली दातांना जपणारी रसायने ब्रेकच्या प्लेटांना मानवत नाहीत. ब्रेक लागताना गुरगुरतो, धरत नाही, मग ड्रायव्हर जास्त वेळ दाबून ठेवतो आणि प्लेटा तापतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली जातो, तेव्हा असले जाड ऑइल पंपाला ओढवत नाही. सकाळी लिफ्ट उशिरा उचलते आणि पंप किंचाळतो. थंडीत पंप ओरडणे आणि उन्हात गिअरबॉक्स तापणे या दोन तक्रारी एकाच ट्रॅक्टरच्या असल्या, तर डबा कोणता होता हे आधी विचारावे.

ऑइलचा नमुना काचेच्या बाटलीत घेऊन ठेवणे हा सर्वांत स्वस्त तपास. दुधाळ दिसणारे ऑइल तासाभरात स्वच्छ झाले तर त्यात हवा होती. मग पंपाकडे जाणाऱ्या पाइपची ओ-रिंग, क्लिप आणि जाळी पाहायची. रात्रभर ठेवूनही दुधाळच राहिले किंवा तळाशी थर बसला तर पाणी. फवारणीनंतर ट्रॅक्टर प्रेशरने धुताना ब्रीदरवर किंवा गिअर लिवरच्या रबरी बुटावर थेट मारलेला फवारा आत जातो. खात्री हवी असेल तर तवा तापवून त्यावर दोन थेंब टाकावेत; पाणी असेल तर तडतडते. पाणी मिसळलेल्या ऑइलने गिअरबॉक्स लगेच तापत नाही. आधी बेअरिंगवर गंज धरतो, त्यांची फिरण्यातली सफाई जाते आणि हंगाम संपता संपता तापू लागतो. धुण्याशी त्याचा संबंध तोवर कोणाच्या लक्षात राहिलेला नसतो.

ड्रेन नटच्या चुंबकावर काय चिकटले आहे, तेही वाचता आले पाहिजे. बोटांत घेतल्यावर मलमासारखी लागणारी करडी भुकटी ही रोजची झीज. चमकणाऱ्या चपट्या कपच्या किंवा सुईसारखे तुकडे म्हणजे दात अथवा बेअरिंगचा पृष्ठभाग सुटू लागला आहे. पिवळसर चमक चुंबकाला धरत नाही, ती ऑइलच्या तळाशी सापडते. ती पितळ-ब्राँझच्या वॉशरांची किंवा बुशांची. काळे, कागदासारखे पापुद्रे ब्रेकच्या लायनिंगचे. जाळीत असे पापुद्रे अडकले असतील तर एकाच वेळी दोन निदाने हाती येतात: ब्रेक घासतो आहे, आणि जाळी तुंबल्याने पंप उपाशी आहे.

एवढ्यानेही उत्तर मिळाले नाही तर एकेक काम बंद-चालू करून पाहायचे. ट्रॅक्टर सकाळी थंड असताना सुरू करून, न्यूट्रलमध्ये, पीटीओ बंद, लिफ्ट खाली, मध्यम रेसवर अर्धा तास चालवायचा. तापमान थोडेसे वाढून स्थिर झाले पाहिजे. इथेच चढत गेले तर ऑइल जास्त आहे, फार जाड आहे, किंवा पंप रिकाम्या वेळीही दाब धरून बसला आहे. दुसऱ्या टप्प्यात अवजार उचलून लिफ्टचा लिवर नेहमीच्या जागी ठेवून पाव तास. तिसऱ्यात पीटीओ चालू, जागेवरच. चौथ्यात मोकळ्या रस्त्यावर, ब्रेकला पाय न लावता, नेहमीच्या गिअरमध्ये. शेवटी प्रत्यक्ष काम. प्रत्येक टप्प्याला तेच दहा-बारा आकडे घ्यायचे. ज्या टप्प्यावर आकडे उडी मारतात, त्या टप्प्यात जे नव्याने चालू झाले ते संशयित. या सगळ्याला एक सकाळ जाते. गिअरबॉक्स उतरवायला आणि परत बसवायला चार दिवस जातात, आणि द्राक्षाच्या हंगामात त्या चार दिवसांची किंमत ऑइलच्या डब्यांत मोजता येत नाही.

दुसऱ्या टप्प्यावर उडी मारणारे ट्रॅक्टर सर्वांत जास्त भेटतात. हायड्रोलिकचा हिशेब कागदावर करून पाहिला की कारण कळते. दाब बारमध्ये, प्रवाह लिटर प्रतिमिनिटात. दोन्हींचा गुणाकार करून ६०० ने भागले की किलोवॅट मिळतात. १५० बार आणि २० लिटर धरले तर ५ किलोवॅट, म्हणजे जवळजवळ पावणेसात हॉर्सपॉवर. लिफ्ट वर पोचल्यावर व्हॉल्व्हने ऑइल मोकळे सोडले पाहिजे. तसे झाले नाही आणि ऑइल रिलीफ व्हॉल्व्हमधून दाबाने निसटत राहिले, तर ही सगळी ताकद उष्णता होऊन त्याच वीस लिटरांत परत येते. नुसते ऑइलच तापले असते तर मिनिटाला आठ-नऊ अंश चढले असते. हाऊसिंगचे लोखंड बरीच उष्णता खाते म्हणून तेवढे चढत नाही, पण अर्ध्या तासात हात लावणे अशक्य होते. २४ हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरची पाव ताकद अशी वाया जात असते, म्हणून मालक ‘डिझेल वाढले’ आणि ‘चढाला दम लागतो’ हेही जोडीने सांगतो. या दोन तक्रारींचा गिअरबॉक्स तापण्याशी संबंध जोडता येणे हा या कामातला मोठा टप्पा.

निफाडकडच्या एका बागेतला ट्रॅक्टर असाच होता. गिअरबॉक्स उतरवण्याचा सल्ला त्याला दोन ठिकाणी मिळाला होता. ब्लोअर उचललेला, इंजिन मध्यम रेसवर, आणि कव्हराखालून अगदी बारीक, सतत ‘चीं’ असा आवाज. ब्लोअर चालू असताना तो कोणाला ऐकूच आला नव्हता. ‘भाऊ, लिवर दोन बोटं खाली घ्या,’ एवढे सांगितल्यावर आवाज थांबला आणि इंजिनची रेस किंचित वाढली. लिफ्टच्या हातांची उंची व्हॉल्व्हला कळवणारा बाहेरचा रॉड कशाला तरी आदळून वाकला होता. त्यामुळे हात वरच्या टोकाला पोचले तरी व्हॉल्व्हला ‘अजून पोचले नाहीत’ असेच वाटत होते. रॉड सरळ करून सेटिंग केले, काम संपले. असाच परिणाम अवजार ट्रॅक्टरच्या अंगाला अडल्यानेही होतो, आणि टिपरचा लिवर जॅक पूर्ण वर गेल्यावरही ओढलेला राहिला तरी होतो. दुसरी तऱ्हा गळक्या लिफ्टची. इंजिन बंद केल्यावर उचललेले अवजार काही मिनिटांत खाली येत असेल, तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे. चालत्या ट्रॅक्टरवर तीच लिफ्ट थोड्या थोड्या वेळाने उचक्या देते. प्रत्येक उचकीला पंप दाबाखाली येतो आणि दिवसभराच्या उचक्यांची उष्णता साठत जाते.

चौथ्या टप्प्यावर, म्हणजे नुसते चालवताना, तापणारा ट्रॅक्टर आधी ब्रेकसाठी तपासावा. सपाट रस्त्यावर क्लच दाबून तो किती लांब घरंगळतो ते थंड असताना आणि गरम झाल्यावर पाहायचे. गरम झाल्यावर लवकर थांबत असेल तर ब्रेक धरतो आहे. मग एकेक मागचे चाक जॅकवर उचलून हाताने फिरवायचे. पेडलचा मोकळा प्ले हँडबुकात दिल्याप्रमाणे दोन्ही बाजूंना सारखा असावा. बागेत ओळीच्या टोकाला वळताना एका बाजूचा ब्रेक वापरला जातो, त्यामुळे दोन्ही बाजूंची झीज सारखी होत नाही. प्ले बसवताना ‘ब्रेक टाइट हवा’ या आग्रहापायी तो शून्यावर आणला की थंडपणी सगळे ठीक वाटते. तापल्यावर प्लेटा फुगतात आणि ब्रेक स्वतःच लागतो. त्यातून आणखी तापतो. पार्किंगचा आकडा अर्धवट अडकून राहणे हेही नित्याचे. तासगावच्या त्या ट्रॅक्टरला शेवटी कुठलाच पार्ट लागला नाही. पेडलचा प्ले सेट केला आणि ड्रायव्हरला समजावले; ‘दादा, पाय फूटबोर्डवर’ हे वाक्य काही दिवस मालकाने रोज म्हटले.

क्लचचा तपास वेगळा. क्लच कोरडा असतो, ऑइलपासून अलग. तो घसरला तर जळका वास येतो आणि पुढचे हाऊसिंग तापते, मागचे तुलनेने थंड राहते. वरच्या गिअरमध्ये, ब्रेक घट्ट दाबून, क्लच हळू सोडला तर इंजिन बंद पडले पाहिजे. ते चालूच राहिले तर क्लच घसरतो आहे. ही चाचणी एकदाच करावी. वारंवार केली तर उरलेला क्लचही जातो.

फोर व्हीलच्या ट्रॅक्टरमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांचा वेग गिअरने बांधलेला असतो. पुढची चाके किंचित पुढे ओढतील अशी ती जुळणी असते आणि मऊ जमिनीत चाक थोडे घसरून फरक भरून निघतो. डांबरी रस्त्यावर तो फरक जायला जागा नसते. गिअर, शाफ्ट आणि पुढचा एक्सल एकमेकांविरुद्ध ताणले जातात. क्रेट भरलेली ट्रॉली घेऊन रस्त्यावरून पॅकहाऊसला जाताना फोर व्हीलचा लिवर लागलेला राहिला, तर पुढचा एक्सल मागच्यापेक्षा गरम होतो आणि टायर आरीसारखे झिजतात. पुढचे टायर बदलताना मिळेल त्या मापाचे टाकले तर हा ताण शेतातही राहतो. टायर बदलल्यावर गिअरबॉक्स तापू लागला, ही तक्रार ऐकायला विचित्र वाटली तरी खरी असते.

नुकताच खोलून बसवलेला ट्रॅक्टर हा प्रकार स्वतंत्र आहे. पिनियनची टेपर बेअरिंगे ठरावीक ताणाने बसवावी लागतात आणि तो ताण शिमच्या पातळ पत्र्यांनी ठरतो. शिम कमी पडल्या की बेअरिंग आवळले जाते. आवाज येत नाही, गिअर सुरेख पडतात, ट्रॅक्टर पहिल्यापेक्षा शांत वाटतो, आणि पिनियनच्या जागी तापमान भराभर चढते. अशा वेळी गनचा एकच बिंदू बाकीच्यांपेक्षा वीस-पंचवीस अंश वर दिसतो. ढिल्या बेअरिंगचा आवाज येतो म्हणून त्याची भीती वाटते. आवळलेले बेअरिंग गप्प असते म्हणून जास्त धोक्याचे. हाताने शाफ्ट फिरवून ‘बरोबर वाटते’ यावर भागवण्यापेक्षा दोरी गुंडाळून साध्या ताणकाट्याने ओढ मोजावी. हँडबुकातला आकडा आणि काट्यावरचा आकडा जुळला म्हणजे काम झाले.

कुठलाच भाग सदोष नाही आणि तरी तापते, असेही होते. मोठ्या ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर लहानाला जोडलेला असतो. पीटीओच्या शाफ्टचा कोन जास्त असतो, त्यामुळे मागचे बेअरिंग झटके खाते. हाऊसिंगवर औषध, माती आणि पाचोळा यांचा बोटभर थर बसलेला असतो आणि उष्णतेला बाहेर पडायला वाट उरत नाही. खराट्याने आणि पाण्याने तो थर काढल्यावर आठ-दहा अंश उतरलेले ट्रॅक्टर पाहायला मिळतात. धुताना ब्रीदरला पिशवी बांधली, की पाण्याचाही प्रश्न उरत नाही.

जपान-अमेरिकेकडच्या लहान ट्रॅक्टरांत हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन सर्रास असते. भारतात ते क्वचित दिसते, आणि त्याचे गणित निराळे आहे. तिथे ताकद ऑइलच्या दाबानेच चाकाकडे जाते, त्यामुळे चांगल्या अवस्थेतही वीस-पंचवीस टक्के घट होते आणि ऑइल कूलर, पंखा, फिल्टर यांवर सगळी भिस्त असते. हाय रेंजमध्ये जड ओझे ढकलणे हे तिथले तापण्याचे नेहमीचे कारण. तेच काम लो रेंजमध्ये केले की तापमान उतरते. थंडपणी नीट ओढणारा आणि गरम झाल्यावर चढावर दम टाकणारा असा ट्रॅक्टर असेल, तर कूलर व फिल्टर स्वच्छ असल्याची खात्री झाल्यावर पंप-मोटरची अंतर्गत झीज धरावी.

गिअरबॉक्स खोलावा कधी, याचेही निकष ठरलेले असावेत. चुंबकावर कपच्या सापडल्या, एकच बिंदू सतत वेगळा तापतो आणि त्याला बाहेरून कारण सापडत नाही, आवाज बदलला आहे, किंवा शाफ्टला हाताला जाणवेल इतका प्ले आहे: यांपैकी काही असेल तर उशीर करू नये, कारण सुटलेली कपची पुढच्या दातात गेली की खर्च अनेक पटींनी वाढतो. यांतले काहीच नसेल तर खोलणे म्हणजे बिनदोष सील आणि पॅकिंग मोडून नवा दोष शिरायला वाट करून देणे.

दुरुस्तीनंतर तीच चाचणी, त्याच जागी, त्याच अवजारासह, शक्यतो त्याच वेळेला पुन्हा घ्यायची आणि दोन्ही वेळचे आकडे शेजारी मांडायचे. हवेपेक्षा तापमान किती जास्त, हाच तुलनेचा आकडा. तारीख, तास, हवेचे तापमान, अवजार, गिअर, ऑइलची जात आणि प्रत्येक बिंदूचे वाचन, एवढे ट्रॅक्टरच्या सर्व्हिस बुकात मागच्या पानावर लिहिले तर पुरे. ट्रॅक्टर ठीक चालत असताना घेतलेले वाचन त्यात असेल तर आणखी चांगले. पुढच्या हंगामात तक्रार आली, तर मेकॅनिक बदलला तरी तुलनेचा आकडा त्या पानावर मिळतो.